मेंदूची प्रतिमा ही घराण्याची पत्रिका नव्हे

घरातील एखाद्या तरुण मुलाला भास होऊ लागतात. कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे असे त्याला वाटू लागते, तो माणसांत मिसळेनासा होतो, शिक्षण सुटते, नोकरी सुटते आणि अखेर केव्हातरी डॉक्टर ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द उच्चारतात. त्या दिवसापासून त्या घराभोवती दोन प्रश्न घिरट्या घालू लागतात. हे कुणामुळे झाले, हा पहिला. आणि आता पाळी कुणाची, हा दुसरा. पहिला प्रश्न आईबापांच्या, विशेषतः आईच्या, माथी येतो. दुसरा येतो तो भावंडांच्या. पाठच्या बहिणीला आलेले स्थळ कारण न सांगता परत जाते. थोरला भाऊ स्वतःच्या मुलाच्या प्रत्येक अबोल्याकडे धास्तीने पाहू लागतो. आणि आईबाप थकल्यावर रुग्णाला सांभाळावयाचे तेही या भावंडांनीच. रुग्णाकडे निदान औषधाच्या चिठ्ठीपुरते तरी समाजाचे लक्ष जाते. भावंडाकडे तेवढेही जात नाही.

गेल्या काही दशकांत मात्र एका वर्गाने या भावंडांकडे बारकाईने पाहण्यास सुरुवात केली आहे. तो वर्ग म्हणजे मेंदूच्या प्रतिमा घेऊन संशोधन करणारे शास्त्रज्ञ. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबरोबर त्याच्या निरोगी भावाबहिणीलाही एमआरआय यंत्रात झोपवून दोघांच्या मेंदूंची तुलना करणारे अभ्यास जगभर झाले आहेत आणि होत आहेत. त्यांतून निघालेले निष्कर्ष सामान्य माणसापर्यंत नीट पोहोचणे आवश्यक आहे. कारण हीच प्रतिमा एखाद्या कुटुंबाची निर्दोष मुक्तता करू शकते, आणि तीच त्याला कायमची शिक्षाही ठोठावू शकते. ती काय करील, हे यंत्र ठरवीत नाही, समाज ठरवितो.

आरोपीच्या पिंजऱ्यातील आई

१९४८ साली अमेरिकेतील मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ ही संज्ञा वापरली. आईचा मायाहीन किंवा हुकमत गाजविणारा स्वभाव मुलाच्या आजाराच्या मुळाशी असतो, अशी ती कल्पना. तिच्यामागे तुलनेसाठी निरोगी कुटुंबे घेऊन केलेला पुरावा नव्हता. तरीही पुढील दोन-तीन दशके पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत हजारो आया डॉक्टरांपुढे आरोपीसारख्या बसल्या. भारतात या संज्ञेची गरजही भासली नाही. ‘आईनेच लाडावून ठेवले’, ‘गरोदरपणी नको ते केले असेल’, ‘गेल्या जन्मीचे भोग’, हा खटला येथे पूर्वापार चालत आला आहे.

आजाराचा शारीरिक पुरावा शोधण्याचे प्रयत्न त्याहूनही जुने आहेत. १९२७ साली याकोबी आणि विंकलर या जर्मन डॉक्टरांनी मेंदूभोवतालचा द्रव काढून त्या जागी हवा भरली आणि क्ष-किरणांनी चित्रे घेतली. रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या त्यांना मोठ्या दिसल्या. परंतु ही तपासणी इतकी वेदनादायक होती की निरोगी माणसांवर ती करून तुलना करणे शक्यच नव्हते. ही अडचण दूर झाली ती सीटी स्कॅनमुळे. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी विख्यात असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या शोधाबद्दल हौन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉन्स्टन, टिमथी क्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्या १७ रुग्णांचे स्कॅन घेतले. निरोगी व्यक्तींच्या तुलनेत रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या आढळल्या. अभ्यास लहान होता, परंतु त्याने एक दार उघडले. आजार आईच्या स्वभावात नसून शरीरात कुठेतरी आहे, असे म्हणण्यास आधार मिळाला.

लगेच एक रास्त आक्षेपही पुढे आला. हे रुग्ण वर्षानुवर्षे मनोरुग्णालयाच्या भिंतींआड राहिलेले होते. त्यांनी तीव्र औषधे घेतली होती. मग मेंदूतला हा बदल आजाराचे कारण, आजाराचा परिणाम, औषधांचा परिणाम, की कोंडलेल्या जीवनाचा? हा आक्षेप पोकळ नव्हता. अमेरिकेतील आयोवा येथे नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २११ रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०११ साली दाखवून दिले की औषधांच्या अधिक मात्रेचा मेंदूच्या आकारमानातील किंचित घटीशी संबंध दिसतो. म्हणून संशोधकांना असा माणूस हवा होता, ज्याने रुग्णाच्याच घरात अन्न खाल्ले, ज्याच्याकडे रुग्णाच्या जनुकीय वारशाचा बराच वाटा आहे, परंतु ज्याला आजार झाला नाही, ज्याने औषध घेतले नाही आणि जो कधी कोंडला गेला नाही. असा माणूस म्हणजे भावंड.

भावंडांच्या प्रतिमा काय सांगतात

१९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी एकबीज जुळ्यांच्या १५ जोड्यांचा एमआरआय अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीत एक भावंड आजारी होते, एक निरोगी. जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी. कोण आजारी हे न सांगता चित्रे पुढे ठेवली असता, पोकळ्यांच्या आकारावरून १५ पैकी १२ जोड्यांतील आजारी भावंड ओळखता आले. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग डाव्या बाजूस १५ पैकी १४ जोड्यांत आजारी भावंडात लहान होता. या संशोधकांपैकी एक, डॉ. फुलर टॉरी, यांची स्वतःची धाकटी बहीण याच आजाराने ग्रस्त होती. भावंडांच्या प्रश्नाकडे वळणारा शास्त्रज्ञ कधीकधी स्वतःच ते भावंड असतो.

या अभ्यासाचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. जनुके सारखी असूनही मेंदू वेगळे झाले. याचा अर्थ गर्भाशयापासून तारुण्यापर्यंतच्या वाटेवर आणखी काही घडले, आणि त्याचा वाटा मोठा होता.

सर्वसाधारण भावंडांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. त्याच संस्थेतील जोसेफ कॅलिकॉट, डॅनियल वाइनबर्गर व सहकाऱ्यांनी २००३ साली रुग्णांच्या निरोगी भावंडांना यंत्रात झोपवून अंक लक्षात ठेवण्याचे एक काम दिले. भावंडांची उत्तरे इतर निरोगी माणसांइतकीच बरोबर होती. परंतु ती देताना त्यांच्या कपाळामागील मेंदूचा एक भाग अधिक जोराने काम करीत होता. तेवढेच ओझे, तेवढीच चाल, पण थोडी जास्त दमछाक. रुग्णांत आढळणाऱ्या वेगळेपणाचा एक अंश निरोगी भावंडातही असतो, आणि तरीही ते भावंड आपले काम चोख करते.

तिसरा अभ्यास सर्वांत बोलका आहे. वयाच्या तेराव्या वर्षाआधी सुरू होणारा स्किझोफ्रेनिया अतिशय दुर्मिळ आणि अतिशय तीव्र असतो. ज्युडिथ रापोपोर्ट यांच्या गटातील नितिन गोगटे व सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या ५२ निरोगी भावंडांच्या मेंदूंची चित्रे वाढत्या वयात पुनःपुन्हा घेतली आणि निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. लहान वयात या भावंडांच्या मेंदूचा बाहेरचा करडा थरही काही भागांत पातळ होता. जवळजवळ आजारी भावाबहिणीसारखाच. परंतु विसाव्या वर्षापर्यंत तो फरक भरून निघाला. वारशाने आलेली उणीव वाढत्या मेंदूने स्वतःच भरून काढली होती.

या सर्व अभ्यासांना मर्यादा आहेत. बहुतेक गट लहान आहेत, आणि आढळणारे फरक सरासरीचे आहेत. जगभरातील चित्रे एकत्र करून २०१६ साली झालेल्या एका पाहणीत २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्ती होत्या. तीतही हिप्पोकॅम्पसमधील फरक मध्यम स्वरूपाचाच निघाला, म्हणजे असंख्य रुग्णांचे मेंदू निरोगी माणसांसारखे आणि असंख्य निरोगी माणसांचे मेंदू रुग्णांसारखे दिसतात. नातेवाइकांतील फरक त्याहूनही सौम्य आहेत. केवळ स्कॅन पाहून ‘याला स्किझोफ्रेनिया आहे’ किंवा ‘याला होणार आहे’ असे आजही कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात ते बहुधा गाठ, इजा यांसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. ज्या कुटुंबाने उसनवारी करून ही तपासणी केली, त्याला एवढे तरी कुणीतरी समजावून सांगावयास हवे.

या सर्वांचे सार आकड्यांतच सांगता येईल. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत हे प्रमाण शंभरांत सुमारे नऊ-दहा आहे. धोका वाढलेला आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु याच आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरांतील नव्वद भावंडांना हा आजार होत नाही. एकबीज जुळ्यांतसुद्धा एकाला आजार झाल्यावर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आतबाहेरच राहते. जनुकांच्या शोधाचा निष्कर्षही हाच. २०२२ सालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी निगडित आढळली. त्यांतील बहुतेकांचा स्वतंत्र परिणाम अत्यल्प आहे, आणि त्यांतील काही ना काही प्रत्येक माणसात आहे. ‘वाईट रक्ताचे घराणे’ अशी वस्तू विज्ञानाला सापडलेली नाही.

म्युनिकचा धडा

तरीही भावंडांची गणना करणाऱ्या विज्ञानाचा एक काळाकुट्ट अध्याय आहे, आणि तो विसरून चालणार नाही. रुग्णांच्या भावंडांत या आजाराचे प्रमाण किती, याचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास एर्न्स्ट रूडिन यांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. सातशेहून अधिक कुटुंबांची त्यांनी नोंद घेतली. त्यांच्याच आकड्यांत भावंडांपैकी फार थोडी आजारी निघाली. मेंडेलच्या साध्या नियमांत हा वारसा बसत नव्हता. आकडे सावधगिरी शिकवीत होते. रूडिन यांनी मात्र दुसरीच वाट धरली.

१४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने ‘आनुवंशिक रोग असलेल्या संततीला प्रतिबंध’ करणारा कायदा केला. स्किझोफ्रेनिया त्याच्या यादीत नावानिशी होता. तोवर म्युनिकच्या मानसोपचार संशोधन संस्थेचे प्रमुख झालेले रूडिन या कायद्याच्या अधिकृत भाष्याचे एक लेखक होते. या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले. पुढे जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग व्यक्तींना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. त्यानंतरही उपासमार आणि विषारी औषधे यांनी हत्या चालूच राहिल्या. ‘निरुपयोगी तोंडे’ हा त्यांच्यावरील आरोप होता. आणि एवढे करूनही युद्धानंतरच्या जर्मनीत या आजाराचे नवे रुग्ण कमी झाले नाहीत. ज्या सिद्धान्ताच्या नावाने ही कत्तल झाली, तो सिद्धान्तच खोटा होता.

या इतिहासावरून भावंडांचा अभ्यासच करू नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आईला दोषमुक्त करणारे ज्ञान याच मार्गाने आले आहे. धडा वेगळा आहे. माणसाची किंमत त्याच्या उत्पादनक्षमतेवर ठरविणाऱ्या व्यवस्थेच्या हाती आनुवंशिकतेचे अर्धे सत्य पडले की त्याचे शस्त्र होते. सक्तीच्या शस्त्रक्रियेचा अर्थ भारतातील गरिबांनाही आणीबाणीच्या काळात कळलेला आहे. ती सक्ती वेगळ्या नावाने आली, पण तीही सर्वांत दुबळ्यांवरच कोसळली.

भुकेचा ठसा

जनुकांनी जे ठरत नाही ते कशाने ठरते, या प्रश्नाकडे आता वळावयास हवे. कारण उत्तराचा मोठा भाग दवाखान्याबाहेर आहे.

सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधील रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मन फौजांनी देशाच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखली. त्या हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्या उपासमारीच्या शिखरावर ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. उट्रेख्टच्या संशोधकांनी २००० साली अशा काही रुग्णांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. गर्भावस्थेत उपासमार भोगलेल्या रुग्णांच्या कवटीच्या आतील आकारमान इतरांपेक्षा कमी निघाले. अभ्यास लहान होता. परंतु चीनमधील अनह्वेई प्रांतात १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या पिढीचा जो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यानेही सुमारे दुप्पट धोकाच दाखविला. एका उपासमारीमागे परकीय लष्कर होते, दुसरीमागे स्वतःला कामगारांचे म्हणविणारे आणि टीका ऐकून न घेणारे सरकार. गर्भातील मेंदूला हा फरक कळत नाही. त्याला फक्त भूक कळते.

शहरांची गोष्टही तशीच. १९३९ साली फॅरिस आणि डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी शिकागो शहराच्या नकाशावर मनोरुग्णांचे पत्ते मांडले, तेव्हा मध्यवर्ती, दरिद्री, सतत उठणाऱ्या-बसणाऱ्या वस्त्यांत स्किझोफ्रेनियाची दाटी दिसली. २०११ साली जर्मनीतील संशोधकांनी निरोगी माणसांना यंत्रात गणिते सोडवावयास लावून, ‘तुम्ही मागे पडत आहात’ असा दबाव त्यांच्यावर टाकला. शहरात राहणाऱ्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित भाग खेड्यातील माणसांपेक्षा अधिक उसळला. ज्यांचे बालपण शहरात गेले, त्यांच्यात या भीतीला लगाम घालणारा दुसराच भाग वेगळा वागताना दिसला. ब्रिटनमध्ये कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांत हा आजार गोऱ्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आढळतो. परकेपणा आणि अपमान यांचा त्यात वाटा असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

तेव्हा मेंदूची प्रतिमा ही निव्वळ कुळाची नोंद नाही. तीत आईच्या पोटाला न मिळालेली भाकर असू शकते, वस्तीतला ताण असू शकतो, कोंडलेली वर्षे असू शकतात. भावंडांचा मेंदू वाढत्या वयात सावरू शकतो, हे ज्ञान याच संदर्भात मोलाचे आहे. सावरण्यासाठी मेंदूला काळ लागतो, अन्न लागते, शाळा लागते, निर्भय घर लागते. या गोष्टी जनुके पुरवीत नाहीत.

येथील चित्र

भारतातही हे संशोधन होत आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत, ज्यांच्या घरी एकाहून अधिक व्यक्तींना गंभीर मानसिक आजार आहे अशा कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला असून त्यात निरोगी नातेवाइकांच्या मेंदूंच्याही प्रतिमा घेतल्या जातात. हे काम आवश्यक आहे. परदेशी मेंदूंच्या सरासरीवरून येथील माणसाचे निदान ठरणे योग्य नव्हे.

परंतु यंत्राच्या खोलीबाहेर काय आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १२ राज्यांचा अभ्यास झाला. तीव्र मनोविकाराच्या चार रुग्णांपैकी जवळपास तिघांना उपचार मिळत नसल्याचे तीत दिसले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली, तेव्हा २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही, कारण त्यांच्या पायांत साखळ्या होत्या. त्यांना तेथे पोचविणाऱ्या घरच्या माणसांना निर्दय ठरविणे सोपे आहे. गावापासून जवळ डॉक्टर नाही, रोजगार बुडवून शहरात जाणे परवडत नाही आणि शेजारी टोमणे मारतात, अशा घराला दर्गा, देवस्थान आणि साखळी एवढेच पर्याय उरतात, हे ध्यानात घेणे अवघड आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कागदावर पुष्कळ चांगला आहे. साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली. दारिद्र्यरेषेखालील व बेघर रुग्णांना मोफत उपचाराचा हक्क दिला. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर अन्यत्र झालेला खर्च सरकारने सोसावा, असे म्हटले. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच लेखावे, असे बजावले. केवळ घरचे स्वीकारीत नाहीत म्हणून कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, हेही सांगितले. मात्र ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी, बरे होऊनही जावयास घर नाही म्हणून मनोरुग्णालयांतच राहिलेल्या माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. कायद्याने दार उघडले. दाराबाहेर घर मात्र कुणी बांधले नाही.

विवाहाचा कायदा पाहिला तर चित्र अधिकच स्पष्ट होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा घटस्फोटाच्या कारणांत ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द नावानिशी घातला गेला. कुष्ठरोग हे असेच एक कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. स्किझोफ्रेनिया राहिला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे नाव चिकटविल्याने घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता आणि एकत्र राहणे खरोखर अशक्य झाले आहे की काय, हे पाहावेच लागते. न्यायालयाने जी सावधगिरी दाखविली, ती लग्नाच्या बाजारात कोण दाखविणार? तेथे रुग्णाची नव्हे, तर त्याच्या निरोगी बहिणीची सुनावणी होते, आणि तीही तिच्या अपरोक्ष. उद्या मेंदूची प्रतिमा आणि जनुकांची तपासणी स्वस्त झाली की नाडी आणि गुण जुळविणाऱ्यांच्या हाती ती नवी पत्रिका म्हणून पडेल, ही भीती अनाठायी नाही. जुन्या पत्रिकेला निदान ‘हे अवैज्ञानिक आहे’ असे म्हणता येत होते. नवी पत्रिका विज्ञानाचा शिक्का घेऊन येईल.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे समंजसपणे पाहण्याची एक परंपरा आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. कॅनडात स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले. त्यांच्याच साहाय्याने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००४ साली ‘देवराई’ हा चित्रपट केला. त्यात रुग्णाच्या शेजारी उभी आहे ती त्याची बहीण. संशोधक ज्या नात्याची तुलना यंत्रात करीत होते, तेच नाते कलावंतांनी पडद्यावर आणले. परंतु स्वयंसेवी संस्था वाट दाखवू शकतात; जिल्ह्याजिल्ह्यांत दवाखाने चालविणे हे सरकारचेच काम आहे.

कार्यकर्त्यापुढील काम

या प्रश्नात कार्यकर्त्याने मेंदूशास्त्रज्ञ होण्याची गरज नाही. काही साध्या गोष्टी मात्र त्याच्या आवाक्यात आहेत. वस्तीतील अशा घरी जाऊन आईला दोष देणाऱ्यांची तोंडे बंद करावयाची. भावंडांना सांगावयाचे की दहांतील नऊजणांना हा आजार होत नाही, आणि ज्याला होतो त्यालाही लवकर उपचार, औषध, काम आणि माणसांची सोबत मिळाली तर तो पुष्कळदा सावरतो. चेन्नईमध्ये १९८१ पासून ९० रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या डॉ. तारा यांच्या अभ्यासाने दहा वर्षांनंतर बहुसंख्य रुग्णांची स्थिती बरी असल्याचे दाखविले आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहे काय, औषधे महिनाभर मिळतात की आठवडाभर, रुग्णाला घेऊन येणाऱ्या भावाचा बुडालेला रोजगार कोण भरून देतो, हे प्रश्न जिल्हा परिषदेत व विधिमंडळात विचारले गेले पाहिजेत. गरोदर स्त्रीचा आहार आणि अंगणवाडी यांकडेही मानसिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणूनच पाहिले पाहिजे.

आणि संशोधनाकडेही मागणे आहे. रुग्णाचे भावंड यंत्रात तासभर निश्चल पडून राहते ते स्वतःच्या फायद्यासाठी नव्हे. त्याला त्यातून ना औषध मिळते, ना रोजगार. त्याचे नाव कटाक्षाने गुप्त राहावे. विमा, नोकरी किंवा विवाह यांसाठी ती प्रतिमा कुणालाही मिळू नये, अशी तरतूद कायद्यात व्हावी. आणि निघालेले निष्कर्ष त्याच्या भाषेत त्याला सांगितले जावेत. सार्वजनिक पैशातून आणि सामान्य माणसाच्या देहातून मिळालेले ज्ञान ही सामान्य माणसाची मालमत्ता आहे.

भावंडांच्या मेंदूंनी एक साक्ष दिली आहे. आजारी आणि निरोगी यांच्यामध्ये भिंत नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेल्या दोघांपैकी एक घसरतो आणि दुसरा सावरतो, आणि सावरणाऱ्याच्या अंगीही घसरण्याचा थोडा अंश असतो. रुग्णाला ‘वेगळ्या जातीचा माणूस’ ठरवून दूर लोटण्याचा आधार या साक्षीने काढून घेतला आहे. म्युनिकमध्ये समाजाने साक्ष ऐकण्यापूर्वीच निकाल लिहून ठेवला होता. येथे साक्ष पुढे आहे, आणि निकाल अजून लिहावयाचा आहे.